पॉपीची दाढ

बरेच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्यंतरी घरात, म्हणजे खरं तर घरापासून चार मैलांवरच्या तबेल्यात, एक प्रकरण चालू होतं. मावशीला आणि पुण्याच्या मंडळींना फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून झालंय. पण त्यानिमित्ताने जे वाचलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हा प्रपंच.

आमची लेक दर शनिवारी ज्या घोडीवर बसते तिचं नाव पॉपी. वय बावीस. इथे यॉर्कशायरमध्ये मुलींना घोड्यांचं वेड असतं तसं ते आमच्याकडेही शिरलं, आणि मी (जिने आयुष्यात माथेरानच्या घोड्यापलीकडे घोडा पाहिला नव्हता) दर शनिवारी चिखलात उभी राहून गवताचा वास घ्यायला लागले. गेल्या हिवाळ्यात पॉपी बारीक व्हायला लागली. खायची, पण अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे तोंडातून खाली पडायचे. पानाचा चोथा थुंकावा तसे. तबेल्यातल्या सगळ्यांचं एकच मत, म्हातारी झाली बिचारी.

दात दाखवले नव्हते असं नाही. वर्षातून दोनदा एक गृहस्थ यायचे, बादलीत लांब दांड्याच्या कानशी घेऊन. सत्तरीचे असतील. इतका हलका हात मी माणसांच्या डॉक्टरचाही पाहिलेला नाही. घोडीच्या कपाळाला कपाळ लावून पाच मिनिटं नुसते उभे राहायचे, काहीतरी पुटपुटायचे, मग एका हाताने जीभ बाजूला धरून कानस आत घालायचे. ना दोरी, ना इंजेक्शन. पॉपी त्यांना पाहिलं की खिंकाळायची. तबेल्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला त्यांचंच नाव सांगितलं जायचं, 'घोड्याला अजिबात त्रास न देणारा माणूस' म्हणून.

शेवटी मालकिणीने व्हेटला बोलावलं. तरुण मुलगी, डोक्याला दिवा बांधलेला. तिने आधी मानेच्या शिरेत इंजेक्शन दिलं, पॉपीची मान जड होऊन खाली आली, मग तिच्या तोंडात लोखंडी चौकट बसवून जबडा उघडला आणि लांब दांड्याचा आरसा आत घातला. दहा मिनिटांनी तिने मला बोलावून दाखवलं. खालच्या उजव्या बाजूला, मागच्या दोन दाढांच्या मध्ये एक फट, त्यात गवत ठासून भरलेलं, कुजलेलं. हिरडी खाली खोलवर सडली होती. वास अजून आठवतो. "हे वर्षभरापासून तरी असणार, आणि हे फार दुखतं," ती म्हणाली.

म्हणजे वर्षभर आम्ही जिला म्हातारपण म्हणत होतो ती दाढदुखी होती. आणि त्या काळात त्या प्रेमळ गृहस्थांनी दोनदा तोंडात हात घातला होता.

घरी येताना लेक गाडीत रडत होती आणि मला राग कुणाचा येतोय तेच कळत नव्हतं. तो माणूस खोटा नव्हता. मग मी वाचायला लागले. (राग आला की मी वाचते, हे घरच्यांना माहीत आहे.)

आधी थोडं घोड्याच्या तोंडाविषयी, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. आपली दाढ एकदा उगवली की उगवली. घोड्याची तशी नाही. तरुण घोड्याच्या दाढेचा बहुतेक भाग, चांगला सात ते दहा सेंटिमीटर, हिरडीखाली जबड्यात लपलेला असतो, आणि वरून जेवढी झिजते तेवढी खालून वर सरकत राहते. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. गवतात वाळूसारखी कठीण सिलिका असते, आणि मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, म्हणून निसर्गाने ही सोय केलेली. शिल्लक संपली की दाढ संपली, आणि दाढ संपली की घोडाही फार दिवस काढत नाही.

शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. घोडा जात्यासारखं आडवं दळतो, पण वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड पूर्ण घासली जात नाही. तिथे सुरीसारखी धार येते. वरची धार गाल कापते, खालची जीभ. ठाणावर बांधून हरभरा-ओट्स खायला घातले की चावणं कमी होतं आणि धार वाढते. म्हणून कानस. म्हणजे दुखण्यातला बराचसा वाटा आपणच घोड्याला दिलेला, आणि त्यावरचा उपायही मग आपल्यालाच शोधावा लागला.

हा शोध किती जुना असेल? मला वाटलं होतं इंग्रजांच्या घोडदळाइतका. तो निघाला मंगोलियातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या गवताळ प्रदेशात दगडांचे मोठे ढिगारे आहेत, आणि त्यांच्या भोवती छोट्या ढिगाऱ्यांखाली घोड्यांची डोकी पुरलेली, तोंडं पूर्वेकडे करून. विल्यम टेलर आणि त्याच्या मंगोलियन सहकाऱ्यांनी या कवट्यांचे दात तपासून २०१८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. इ.स.पूर्व ११५० च्या सुमाराच्या एका तरुण घोड्याचा पुढचा दात वेडावाकडा आलेला होता, आणि तो कुणीतरी दगडी हत्याराने करवतायचा प्रयत्न केला होता. अर्धाच कापलेला. का सोडला असेल? घोडा उधळला असेल, किंवा कापणाऱ्यालाच बघवलं नसेल. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले होते.

पण त्या निबंधातली खरी गोष्ट पुढे आहे. चार-पाचशे वर्षांनी, म्हणजे इ.स.पूर्व ७५० च्या आसपास, दुसराच दात काढलेला दिसायला लागतो. दाढांच्या रांगेच्या पुढे एक छोटासा निरुपयोगी दात काही घोड्यांना येतो. इंग्रजीत त्याला 'वुल्फ टूथ' म्हणतात, लांडग्याचा दात. हा एकाएकी का काढायला लागले? कारण याच सुमाराला लगामात चामड्या-हाडाऐवजी धातूची कडी आली. घोड्यावर ताबा चांगला राहू लागला, लढाईत त्याचा फायदा झाला, पण ती कडी नेमकी त्या दातावर आपटायची. म्हणजे घोड्यांच्या दंतवैद्यकाचा एक मोठा धडा लगामाने शिकवला. दात घोड्याला दुखत होता हे खरं, पण तो काढला गेला तो स्वाराला अडचण झाली म्हणून. आजचे इंग्लंडातले लोकही तो याच कारणासाठी काढतात.

त्यानंतरची दोन हजार वर्षं माणूस घोड्याच्या तोंडात डोकावत राहिला तो मुख्यतः किंमत ठरवायला. इ.स.पूर्व चौथ्या शतकात झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. (हाच तो, घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये असं सांगणारा. जबरदस्तीने करून घेतलेलं घोड्याला समजत नाही, असं तो म्हणतो.) त्यात घोडा विकत घेताना दातांवरून वय बघा, दुधाच्या दातांची खूण गेली असेल तर घेऊ नका, असा सल्ला आहे. पुढे विकताना त्रास होतो म्हणे. इतका कनवाळू माणूस, पण दात दुखतात का हे बघा असं काही सांगत नाही.

आपल्याकडेही तेच, आणि ते वाचून मला गंमतही वाटली आणि अभिमानही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घोड्याच्या लक्षणांचा छोटा अध्याय आहे. त्यात एका श्लोकात सगळा हिशोब मांडलाय. सहा पांढरे दात म्हणजे शिंगरू, ते तांबूस झाले की दोन वर्षं. मग मधले दोन पडून नवे आले की तीन, त्यांच्या बाजूचे चार, कडेचे पाच. आजच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच आकडे सहा महिने अलीकडे छापलेत, बस्स. पुढे दर तीन वर्षांनी दातावरची खूण बदलते, काळी, पिवळी, पांढरी, काचेसारखी, मधासारखी, शंखासारखी. मग खड्डा, मग दात हलणं, मग पडणं. हिशोब बत्तीस वर्षांवर संपतो. ज्याने हे पाहिलं त्याने एकाच घोड्याचं तोंड वर्षानुवर्षं उघडून पाहिलं असणार. आणि 'धर्माची गाय आणि दात का नाय' हे आजी म्हणायची ते आठवलं. जनावराचे दात म्हणजे त्याची किमतीची चिठ्ठी, हे जगभर सारखंच.

किंमत आली की फसवणूक आली. इंग्लंडात म्हाताऱ्या घोड्याच्या झिजलेल्या पुढच्या दातांवर खड्डे कोरून ते डागून काळे करायचे, म्हणजे तो तरुण दिसतो. याला एक नावच होतं, 'बिशपिंग'. कुणा बिशप नावाच्या माणसावरून. घोड्याच्या दातांवर अतिशय बारीक, कौशल्याचं काम, तेही जिवंत दातावर आणि भूल न देता. कौशल्य नव्हतं असं म्हणायची सोयच नाही!

घोड्याचा वैद्य वेगळा असा होता का? आपल्याकडे शब्द तर आहे. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून झालेला साळोत्री, घोड्यांचा वैद्य. इंग्रजांच्या हिंदुस्थानी पलटणीतही 'सलोत्री' असायचा. खरारा करणारा मोतद्दार वेगळा, नाल ठोकणारा नालबंद वेगळा, घोडा फिरवायला शिकवणारा चाबूकस्वार वेगळा. आता हे शब्द लेकीला सांगितले तर ती माझ्याकडे मी मंगोलियन बोलतेय अशा नजरेने बघते. असो.

युरोपात मात्र शेकडो वर्षं घोड्याचा डॉक्टर म्हणजे नालबंदच. त्याच्याकडे भट्टी, त्याच्याकडे चिमटे. आणि त्याच्या हातून जे झालं त्यातली एक गोष्ट वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तरुण घोड्याचे दुधाचे दात पडून नवे येताना वरच्या पुढच्या दातांमागची टाळू थोडी सुजते. सुजते आणि आपोआप बसते. पण घोडा दोन दिवस कमी खातो. नालबंदांनी याला रोग ठरवला, 'लॅम्पस' असं नाव दिलं, आणि उपाय काय, तर लोखंड लाल करून ती टाळू जाळायची. हे अनेक शतकं चाललं. दात येणाऱ्या पोराचं तोंड डागण्यासारखं. जळलेल्या तोंडाने तो घोडा आणखी काही दिवस खायचा नाही, मग हळूहळू खायला लागला की मालक म्हणायचा, बघा, गुण आला.

पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समध्ये ल्यों इथे १७६२ मध्ये क्लोद बूर्जेलाने सुरू केलं, लंडनचं १७९१ मध्ये निघालं. (मुंबईचं परळला १८८६ मध्ये.) तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी हळूहळू या डागण्याविरुद्ध लिहायला सुरुवात केली. विल्यम युएटने १८३१ च्या आपल्या घोड्यावरच्या पुस्तकात या प्रकाराला सरळ क्रूर म्हटलंय. १८४९ मध्ये एडवर्ड मेह्यूने नुसत्या घोड्याच्या तोंडावर आणि दातांवरून वय ओळखण्यावर पुस्तक काढलं. म्हणजे शिकलेला माणूस इथे दयाळू ठरला आणि हाताने काम करणारा क्रूर. माझ्या डोक्यातल्या आमच्या प्रकरणाशी हे बरोबर उलटं होतं, म्हणून मी जरा थबकले.

पण शिकलेल्यांचंही काम कसं चाले? घोडा पाचशे किलोचा. त्याचं तोंड उघडं ठेवायला चाकं-पट्ट्यांच्या लोखंडी चौकटी निघाल्या. घोडा ऐकेना तर वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पीळ द्यायचे. (१९८४ मध्ये डच संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की या पिळाने शरीरात वेदना कमी करणारी द्रव्यं सुटतात, म्हणून घोडा शांत दिसतो. ) क्लोरोफॉर्म होतं, पण त्याला घोडा आडवा पाडावा लागतो, कानस मारायला ते कोण करणार? मग दिसेल तेवढं, हाताला लागेल तेवढं. तोंडाच्या अगदी आत, दिव्याशिवाय, हलणाऱ्या जिभेमागे शेवटची दाढ. तिथे डोळा पोचतच नव्हता.

पोचला तो मेल्यावर. फ्रँक कॉलियर नावाचे माणसांचे एक दंतवैद्य होते लंडनचे. त्यांनी घोड्यांच्या काही शे कवट्या तपासून १९०६ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण एक तृतीयांश घोड्यांना हिरड्यांचा रोग. दाढांमध्ये अन्न अडकून, कुजून, हाड खाल्लेलं.  दर तिसरा घोडा पॉपी होता, आणि रोज कामावर जात होता.

हे कळल्यावर जग बदलायला हवं होतं. पण १९०६ हे साल फार वाईट होतं घोड्यांकडे लक्ष जायला. मोटार आली होती. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती, १९६० पर्यंत ती तीसेक लाखांवर आली. घोडा कमी झाला तशी विद्यालयांतून घोड्याच्या दातांची शिकवणी आटली. कुत्री-मांजरं, गाई आल्या. मिळवलेलं ज्ञान ग्रंथालयात गेलं आणि काम पुन्हा कानस घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडे आलं. आमचे गृहस्थ याच परंपरेतले. त्यांनी हे आपल्या काकांकडून शिकलं, आणि काकांनी खाणीतल्या घोड्यांवर, असं ते सांगायचे.

आणि मग एक औषध आलं. १९६२ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत रक्तदाबासाठी म्हणून झायलझीन नावाचं रसायन तयार झालं. माणसांना ते जमलं नाही, पण घोड्याला थोडंसं टोचलं की तो उभ्या उभ्याच पेंगतो, पडत नाही. सत्तरच्या दशकात ते घोड्यांत रुळलं, ऐंशीच्या दशकात फिनलंडमधून त्याच जातीचं आणखी एक आलं, डेटोमिडीन. मला वाटतं घोड्याच्या दातांच्या इतिहासात मंगोलियातल्या त्या दगडी करवतीनंतरची सगळ्यात मोठी गोष्ट ही. कारण आता पहिल्यांदाच जिवंत घोड्याच्या तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत सावकाश बघता आलं. नव्वदच्या दशकापासून एडिंबरा विद्यापीठात पॅड्रेक डिक्सन आणि इतरांनी घोड्यांच्या दाढांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि दाढांमधली ती फट, जी कॉलियरने कवट्यांत पाहिली होती, ती घोड्याच्या तोंडातल्या सर्वात दुखऱ्या आजारांपैकी एक आहे हे पुन्हा पुढे आलं. जवळजवळ शंभर वर्षांनी.

पण घोडा सांगत का नाही? कारण तो शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो, कण्हतो, त्याला लांडगा हेरतो. म्हणून घोडा दुखणं लपवतो आणि एका बाजूने खात राहतो. पॉपी त्या गृहस्थांना पाहून खिंकाळायची ते खरंच होतं. पण तिला दुखत नव्हतं असा त्याचा अर्थ नव्हता.

आता भांडण आहे ते, काम कुणी करायचं याचं. टेक्सासमध्ये २००७ मध्ये पशुवैद्यक मंडळाने व्हेट नसलेल्या दंतकारागिरांना काम बंद करायला सांगितलं. ते कोर्टात गेले, आमच्या पिढ्यांचं पोट यावर आहे म्हणून. शेवटी २०११ मध्ये कायदा होऊन त्यांना परवाना मिळाला, व्हेटच्या देखरेखीखाली. इंग्लंडात कामाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. हाताच्या कानशीने धार घासणं कुणीही करावं. लांडग्याचा दात काढणं, विजेची कानस चालवणं, यासाठी व्हेटांच्या संघटनांनी घेतलेली परीक्षा. त्यापुढचं सगळं, आणि गुंगीचं इंजेक्शन, फक्त व्हेटचं. कागदावर चोख. पण गाडीवर पाटी लावून तबेल्यात यायला परीक्षा लागत नाही, आणि बिचाऱ्या मालकाला पायऱ्या माहीत नसतात. आम्हाला कुठे होत्या? आणि शिकलेल्यांचाही एक नवा घोळ आहे. विजेच्या कानशीने दाढ गुळगुळीत करून टाकायची हौस. दाढेचा पृष्ठभाग खडबडीत असतो तो दळण्यासाठीच. फार घासला तर घोडा नीट चावू शकत नाही, आणि घर्षणाच्या उष्णतेने आतली नस जाऊ शकते. माझं मत विचाराल तर कानस किती चालली यापेक्षा तोंडात किती वेळ नुसतं पाहिलं, हे मी आता बघते. आमच्या व्हेट बाईंनी पाऊण तासातला अर्धा तास फक्त पाहण्यात आणि धुण्यात घालवला.

महिन्याने त्या गृहस्थांना कळलं. मालकिणीनेच सांगितलं. ते आले, टोपी हातात घेऊन. मला वाटलं होतं वाद होईल. ते पॉपीजवळ गेले, नेहमीसारखं कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "आत इतक्या मागे मला कधी दिसलंच नाही हो. चाळीस वर्षांत." मी काय बोलणार? चहा घेणार का विचारलं.

आता व्हेट येते तेव्हा ते पण येतात. इंजेक्शन द्यायच्या वेळी डोकं तेच धरतात, कारण पॉपी तिच्यापेक्षा त्यांच्याकडे शांत उभी राहते. गेल्या वेळी तिने डोक्यावरचा दिवा काढून त्यांच्या डोक्याला बांधला आणि आरसा हातात दिला. ते बराच वेळ वाकून बघत होते.

फट अजून पूर्ण भरलेली नाही, दर तीन महिन्यांनी धुवावी लागते. गवत बारीक कापून, भिजवून देतो. बोळे पडायचे थांबलेत. वजन वाढलंय, चाळीस किलो, लेकीने वहीत लिहून ठेवलंय.